सासूबाईंच्या बटणाचं रेकॉर्डिंग

शनिवार, १६ नोव्हेंबर. वाल सोलायचे होते. मोड चांगले लांब आले होते आणि त्या दिवशी सोलले नसते तर वास यायला लागला असता. हे काम खरं सासूबाईंचं. परात खाली त्यांच्या खोलीत नेऊन दिली की त्या मालिका बघता बघता दाणा दोन बोटांत धरतात, टचकन साल निघते आणि डाळिंबी अख्खी राहते. माझ्या हातून निम्म्या दुभंगतात. तरी त्या दिवशी परात मी वरच ठेवून घेतली, कारण मला त्यांच्यासमोर बसायचं नव्हतं. टेबलावर एका बाजूला परात, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप, आणि लॅपटॉपमध्ये त्यांच्याच खोलीतलं दिवसभराचं रेकॉर्डिंग. आवाजाचं नव्हे, रेडिओलहरींचं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा दीर गाडी घेऊन त्यांना न्यायला येणार होता. त्याआधी मला एकच गोष्ट नक्की करायची होती: सासूबाई बटण दाबतात की नुसतं दाबलं म्हणतात.

आम्ही गिरगावात फणसवाडीत राहतो. तिसऱ्या मजल्यावर मी आणि नवरा, आणि बरोबर आमच्या खाली, दुसऱ्या मजल्यावर, सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे. तारखात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या, पेन्शन स्वतःची, मतं स्वतःची. एका खोलीत दोघींनी राहून बघितलं होतं, ते माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. तेव्हापासून मजला वेगळा आहे आणि संबंध चांगले आहेत.

गुडघ्यांमुळे त्यांचा जिना बंद झाला तेव्हा मी त्यांना बिनतारी बेल आणून दिली. त्यांच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं छोटं बटण, आणि आमच्या ओट्यावरच्या प्लगमध्ये खोचलेली बेल. बटण दाबलं की वर बेल वाजते आणि निळा दिवा लुकलुकतो. नवरा घरूनच काम करतो. त्यामुळे मी कामावर गेले तरी वर कोणीतरी असतंच.

आदल्या आठवड्यात एका दुपारी त्या मोरीत घसरून बसल्या आणि त्यांना उठता येईना. हाड मोडलं नाही, पण मी परळहून घरी येईपर्यंत त्या तशाच ओल्या फरशीवर बसून होत्या. त्यांना उठवून कोरडं लुगडं दिलं, तेव्हा पहिलं वाक्य होतं, "किती वेळा दाबलं मी. कोणी येईना."

मी वर जाऊन नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "बेल वाजलीच नाही."

"कानात बुचं होती तुझ्या."

"बुचं होती. पण डोळे होते ना? दिवा लागला असता तर दिसला असता. समोरच बसतो मी."

ते खरं होतं. मी त्याच वेळी खाली जाऊन बटण दाबलं. वर बेल वाजली. पुन्हा दाबलं, पुन्हा वाजली. सासूबाईंना दाबायला सांगितलं. त्यांनी दाबलं आणि छताकडे बघत राहिल्या. वरून नवरा ओरडला, "वाजली!" मग त्यांनी हात काढला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की झालं समाधान?

समाधान कसलं होणार? बटण ठीक, बेल ठीक, आणि दोन माणसं दोन गोष्टी सांगताहेत. माझी नोकरी परळच्या एका रुग्णालयात यंत्रं दुरुस्त करण्याच्या विभागात आहे. पेशंटच्या उशाशी नर्सला बोलवायचं बटण असतं ना, ते माझ्याकडे येतं. नर्स म्हणते पेशंटने दाबलंच नाही, पेशंट म्हणतो दाबून दाबून बोट दुखलं, आणि दोघं माझ्या तोंडाकडे बघतात. तिथे मला कुणाचंच खरं धरावं लागत नाही. मी वायर मोजते. घरात वायर नव्हती.

दिराला कळल्यावर तो फोनवर रडायचाच बाकी होता. तो डोंबिवलीला राहतो, स्वभाव मऊ आणि भित्रा. म्हणाला, "वहिनी, आईचं डोकं आता साथ देत नाहीये. मागे दुधाचं काय झालं आठव. पातेलं जळून कोळसा झालं, घरभर धूर, आणि आई म्हणते मी गॅस बंद केला होता. आता बटणाचंही तेच. दाबलं म्हणते आणि दाबत नाही. तिला माहितीच नसतं काय केलं ते."

दुधाचं मला आठवत होतं. गॅस चालू होता हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, मी बंद केला होता. दिराने बदलापूरच्या पुढे म्हाताऱ्या माणसांसाठी एक जागा बघून ठेवली होती. स्वच्छ, चोवीस तास माणूस. महिनाभर ठेवून बघू, म्हणाला. सासूबाईंना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "मी बटण दाबलं होतं." मग दोन दिवस त्या कोणाशी धड बोलल्या नाहीत.

मला बदलापूरचं वाईट वाटत नव्हतं. बाई खरंच विसरायला लागली असेल तर तिला दिवसभर गॅसजवळ एकटं ठेवणं हा गुन्हा आहे, मग तिला कितीही वाईट वाटो. पण ती विसरत नसेल आणि आम्ही तिच्या शब्दावर विश्वास न ठेवता तिला गाडीत बसवलं, तर काय? या दोन्हींमध्ये मी आठवडाभर अडकले होते. कामावर सोल्डर करताना हात पोळून घेतला. माझ्या हातून असं कधी होत नाही.

मग शुक्रवारी मी विभागातला पेनड्राइव्हएवढा रेडिओ साहेबांना विचारून घरी आणला. तो लॅपटॉपला लावला की हवेतल्या ठरावीक पट्ट्यातल्या लहरी जशाच्या तशा फाइलमध्ये भरत जातो. नंतर सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल पुन्हा लावायची, की सगळं आत्ताच हवेतून येतंय असं समोर दिसतं. आम्ही तो वापरतो कुठल्या यंत्राचा गोंधळ दुसऱ्या यंत्राला त्रास देतो ते शोधायला. बटणाची लहर त्यात सहज पकडली जाणार होती.

शनिवारी सकाळी मी तो सासूबाईंच्या फ्रिजवर ठेवला, जुना लॅपटॉप जोडला आणि वर टॉवेल टाकला.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"रेडिओ आहे. तुम्ही बटण दाबलं की यात उमटेल."

"म्हणजे माझ्यावर पाळत."

"हो."

त्यांना हे उत्तर आवडलं असावं. मी गोड बोलले असते तर चिडल्या असत्या. म्हणाल्या, "मग वेळ लिहून ठेवू?"

"काही लिहू नका. तुम्हाला काही हवं असेल तेव्हा नेहमीसारखं दाबा. मुद्दाम दाबू नका."

शनिवारी माझी अर्धी सुट्टी असते. दुपारी उशिरा घरी आले आणि आधी खालीच गेले. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. "तीनदा दाबलं," त्यांनी मी न विचारताच सांगितलं. "जेवण झाल्यावर एकदा, बडीशेप हवी होती. मग मालिका लागायच्या वेळी, टीव्हीचा रिमोट खाली पडला होता. आणि मग चहाला. चहाला आला तो. आधी दोनदा आला नाही."

वर नवऱ्याला विचारलं. "एकदा वाजली. चहाच्या वेळी," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "अगं, एकदाच. खरंच. आज कानात काही घातलं नव्हतं."

त्याच्या चेहऱ्यावरून तो घाबरलेला दिसत होता, आईसाठी की आईला, ते मला कळलं नाही.

म्हणून मी वाल घेऊन लॅपटॉपसमोर बसले.

रेकॉर्डिंग सुरू केलं की पडद्यावर एक निळा धबधबा वरून खाली सरकत राहतो. रिकामी हवा म्हणजे निळं, कुठे लहर आली की पिवळा-पांढरा ठिपका किंवा रेघ. गिरगावात हवा रिकामी नसतेच. शेजारच्या नव्या टॉवरच्या पार्किंगचं फाटक याच पट्ट्यात चालतं, गाड्यांची लॉकं, कोणाकोणाच्या बेल. सकाळपासूनचं सगळं तसंच बघत बसले असते तर रविवार उजाडला असता. वेळेवरून पुढे सरकवत चहाच्या वेळेवर गेले. तिथे बटणाच्या जागेवर चांगली जाड रेघ होती, आणि पडद्याच्या तळाशी कोड वाचणाऱ्या खिडकीत आमच्या बटणाचा कोड, म्हणजे त्याची एकट्याची ओळखखूण, छापून आला. ही वाजलेली बेल. ठीक.

मग जेवणानंतरची वेळ लावली. ठिपके होते. खूप होते. एक आला आणि खाली वाहून गेला, डोळा लवेपर्यंत. दुसरा फाटकाचा असावा, किंवा खालच्या गाडीचा. बटणाच्या जागेवर एक अगदी बारीक ठिपका दिसल्यासारखा वाटला, पण कोडच्या खिडकीत काहीच छापलं नाही. मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच, चिमूटभर पांढरं आणि गेलं. मालिकेच्या वेळेलाही तसाच एक. एवढ्या वेगात ते काय आहे ते सांगणं अशक्य होतं. हळू लावायला हवं होतं.

इथे मी घाई केली. रेडिओ रेकॉर्डिंग करताना सेकंदाला ठरावीक मापं घेतो. फाइल परत लावताना सॉफ्टवेअर विचारतं, मापं कुठल्या वेगाने घेतली होती? मी तिथे खऱ्या आकड्याचा दहावा हिस्सा टाकला. लगेच सगळं दहापट हळू झालं. ठिपका आता सावकाश येत होता, पसरत होता, लांबट होत होता. आणि खालची खिडकी कोरीच. जेवणानंतरच्या ठिपक्याला कोरी, मालिकेच्या ठिपक्याला कोरी. दोन्ही पुन्हा बघितले. कोड नाही. म्हणजे ते आमचं बटण नव्हतं.

मी हातातला वाल परातीत टाकला.

नवरा दारात उभा होता. "काय?"

"चहाच्या वेळी दाबलंय. आधी दोनदा नाही."

"नक्की?"

"रेकॉर्डिंगमध्ये नाही."

गॅलरीत जाऊन त्याने भावाला फोन लावला. आतून मला त्याचंच बोलणं ऐकू येत होतं. "हो... तिने बघितलं... नाही दाबलेलं... ये तू उद्या. मी आईचे कपडे भरून ठेवतो." मग बराच वेळ नुसतं "हं, हं". मग, "तूच सांग आईला, मला जमणार नाही."

मी वाल सोलत राहिले. हाताला काम हवं होतं. डोक्यात बदलापूरला काय काय द्यायचं ते चाललं होतं: गोळ्या, गरम पाण्याची पिशवी, चष्म्याची जुनी जोडी, लुगडी पाच की सहा. आणि त्याच वेळी काहीतरी खुपत होतं. बरं वाटत नव्हतं म्हणून नव्हे. कामात काहीतरी सुटलं की जसं खुपतं तसं.

आमच्या विभागात माझाच नियम आहे, आणि नव्या मुलींना मी तो ओरडून सांगते: तक्रारीच्या यंत्राला मीटर लावण्याआधी चालू यंत्राला लावा. मीटर खरं सांगतोय की नाही ते आधी बघा. मी घरी तो पाळला नव्हता. चहाच्या वेळची बेल वाजलेली होती. नवऱ्याने ऐकली होती, चहा नेऊन दिला होता. तोच भाग मी आता या हळू केलेल्या वेगात लावला.

जाड रेघ आली, सावकाश, पडद्यावरून ओघळत खाली गेली. कोडची खिडकी कोरी.

मी उठून उभीच राहिले. वाजलेली बेलही हा प्रोग्राम हळू वेगात ओळखत नव्हता. म्हणजे कोरी खिडकी काहीच सांगत नव्हती. चूक सासूबाईंची नव्हती, माझ्या दहाव्या हिश्श्याची होती.

कारण साधं होतं, आणि मला ते माहीत असायला हवं होतं. जुन्या टेपरेकॉर्डरची टेप हळू फिरवली की बाईचा आवाज पुरुषी होतो. नुसता हळू होत नाही, तो आवाजच बदलतो. मी सॉफ्टवेअरला वेगाचा खोटा आकडा सांगितला तेव्हा तेच केलं. बटणाचा कोड म्हणजे आखूड-लांब ठोक्यांची ठरावीक रांग. त्यातला प्रत्येक ठोका दहापट लांब झाला आणि वाचणाऱ्या प्रोग्रामला ते आमचं बटणच वाटेना. मला टेप हळू फिरवायची नव्हती. तेच ठोके, त्याच मापाचे, फक्त माझ्यापर्यंत थांबत-थांबत यायला हवे होते. त्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये वेगळी असते. वेगाचा आकडा खराच ठेवायचा, आणि फाइलमधून मापं किती भराभर पुढे सोडायची त्याला लगाम घालायचा.

लगाम घातला. आधी चहाची वेळ. सावकाश रेघ आली, आणि सावकाश, पण छापला गेलाच, आमचा कोड. मीटर बरोबर होता.

"फोन ठेव," मी गॅलरीकडे ओरडले. "त्याला सांग थांब म्हणून."

"आता काय थांब?"

"थांब म्हणजे थांब. मी चुकले होते."

मग जेवणानंतरचा ठिपका. खिडकी आताही कोरी राहिली. पण या वेळी ठिपका पसरलेला नव्हता, स्वच्छ होता, आणि मोठा करून बघितला तर त्याच्यात ठोके दिसत होते. लांब, आखूड, आखूड, लांब. मी चहाच्या रेघेतला एक तुकडा शेजारी उघडला आणि बोट ठेवून ठेवून दोन्ही जुळवले, एक ठोका इकडचा, एक तिकडचा. तोच कोड होता. आमच्या बटणाचाच. पण एकदाच आलेला, आणि दुसऱ्यांदा सुरू होऊन मध्येच तुटलेला. मालिकेच्या वेळचाही तसाच. चहाच्या वेळी मात्र तोच कोड पुन्हा पुन्हा, ओळीने आला होता.

हे बटण हात असेपर्यंतच बोलतं. बोट ठेवलं की कोड पुन्हा पुन्हा सोडत राहतं, बोट उचललं की गप्प. आणि बेल पहिल्यांदा आलेल्या कोडवर विश्वास ठेवत नाही. हवेत इतका कचरा असतो की तोच कोड लागोपाठ आला तरच ती वाजते. माझ्या वाचणाऱ्या प्रोग्रामचंही तेच.

म्हणजे त्यांनी दाबलं होतं. तिन्ही वेळा. पण कसं?

लॅपटॉप काखेत मारून मी खाली गेले. नवरा मागे. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि आम्हा दोघांकडे बघून पाय जवळ घेतले, जणू आत्ताच उचलून नेणार आहोत.

"आई, बटण दाबा."

"त्या दिवशी दाबून दाखवलं की."

"तसं नको. आम्ही इथे नाही. तुम्ही एकट्या आहात आणि बडीशेप हवी आहे. दाबा."

त्यांनी बटण चिमटीत धरलं, अंगठा टेकवला आणि मनगट वर उचललं. टक्. झालं. वालाची साल काढायला लागतो तेवढाही वेळ नाही.

आमचं वरचं दार उघडंच होतं, बेल वाजली असती तर ऐकू आली असती. वाजली नाही.

"असं दाबता?" नवरा म्हणाला.

"मग कसं दाबायचं? कुदळीने?"

"आई, धरून ठेवायचं असतं. जरा वेळ."

"धरून?" त्यांनी मुलाकडे अशा नजरेने बघितलं की याला कोणी जन्माला घातलं. "तारेची की कधी धरायची नसते. धरली की लाईन अडते. पलीकडच्या स्टेशनाचा माणूस बोंबलायला लागतो. आमच्याकडे नवी पोरगी धरून बसली तर मास्तर पाठीमागून पट्टी आपटायचा टेबलावर."

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. लग्नाआधीपासून, आणि नंतरही कितीतरी वर्षं, त्यांनी तारघरात हाताने कड-कट्ट करून तारा पाठवल्या होत्या. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, नातेवाइकांत त्याचं कौतुकही व्हायचं. बटणाशी त्याचा संबंध कोणी लावला नव्हता. मीही नाही.

"पण त्या दिवशी मी दाखवायला सांगितलं तेव्हा धरून ठेवलं होतंत."

"तेव्हा हा वरून 'वाजली' ओरडणार होता ना? पोच मिळेपर्यंत धरलं. एरवी पोच कुठे मिळते मला? मला काय कळतं वर वाजली का नाही?"

"आणि आज चहाच्या वेळी?"

त्या विचारात पडल्या. "खुर्चीतून उठत होते. हातात राहिलं असेल."

नवरा पलंगावर बसला आणि दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "मोरीत पडलीस तेव्हाही असंच दाबलंस?"

"असंच. किती वेळा." मग जरा थांबून, "हळूहळू जास्त जोरात."

जोराचा उपयोग नव्हता, वेळेचा होता. पण ते मी तेव्हा बोलले नाही. मी दुधाचं विचारलं. कोणीतरी विचारायलाच हवं होतं.

"आई, बटण दाबलं होतं हे पटलं. गॅसचं काय? गॅस बंद केला होता म्हणालात, आणि तो चालू होता. मी बघितलाय."

टीव्हीवर कोणीतरी रडत होतं. सासूबाईंनी तो बंदच केला.

"विसरले होते," त्या म्हणाल्या. "फोन आला, बोलत बसले."

"मग बंद केला होता असं का सांगितलं?"

"धाकटा त्याच्या आदल्या आठवड्यात त्या जागेचे फोटो दाखवून गेला होता. बाग, झोपाळा. विसरले म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाडी आली असती." मग माझ्याकडे वळून, "तू कधी दूध उतू घालवत नाहीस?"

"घालवते."

"तुला कोणी नेतं कुठे?"

नवरा खाली बघत होता. मला त्यांचा राग आला, कारण त्या एका खोट्याने आठवडाभर माझी झोप गेली होती. तसं मी बोलूनही दाखवलं. "खोटं बोललात म्हणून बटणावरही कोणी विश्वास ठेवला नाही."

"म्हणून तर तो डबा आणून बसवलास फ्रिजवर," त्या म्हणाल्या. "बरं केलंस."

दिराला मीच फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, बटणाचं सुटलं. पण मला भीती वाटते ती जात नाही. उद्या पुन्हा पडली तर? पुन्हा गॅस विसरली तर?"

"पडतील. विसरतीलही. पण विसरलं ते कळतंय त्यांना, हे वेगळं आहे की नाही?"

"वेगळं आहे," तो म्हणाला, पण आवाज पटल्यासारखा नव्हता. "मी येतो उद्या. ठरवून येत नाही. बघतो."

"ये. पण कपडे भरलेले नसतील."

फोन ठेवल्यावर नवऱ्याने विचारलं, "आईला धरून ठेवायला शिकवायचं का?" मी नको म्हटलं. शिकवलं असतं तर आमच्यासमोर धरलं असतं, आणि मोरीत पडल्यावर हात आपोआप टक् करून उचलला असता. ज्या वेळी बटण लागतं त्या वेळी शिकवलेलं आठवत नाही, हे मी पेशंटच्या खाटांशेजारी पुष्कळ बघितलंय. उरलेले वाल त्यांच्याच हातात दिले. सगळ्या डाळिंब्या अख्ख्या निघाल्या.

रविवारी सकाळी चहा व्हायच्या आत मी बटण उघडून ओट्यावर घेतलं. माझ्या सुट्या भागांच्या डब्यात एक छोटा ट्रान्झिस्टर आणि जराशी वीज साठवून धरणारा एक कपॅसिटर होता. ते आत बसवले, म्हणजे बोटाने नुसता स्पर्श केला आणि उचललं तरी बटण आतल्या आत थोडा वेळ दाबलेलंच राहील आणि कोड ओळीने जात राहील. झाकण नीट बसेना, म्हणून एक कड चाकूने तासली. खाली जाऊन ते त्यांच्या गळ्यात घातलं, रेडिओ चालू केला आणि म्हटलं, तुमच्या पद्धतीने. टक्. वर बेल वाजली आणि नवरा ओरडला. रेकॉर्डिंग लगाम घालून पुन्हा बघितलं. कोड ओळीने, पुन्हा पुन्हा, कुठेही न तुटता. पोच मिळत नाही ही त्यांची तक्रार रास्त होती, म्हणून बेल वाजली की वरून काठीने जमिनीवर दोनदा ठोकायचं असं नवऱ्याला सांगितलं.

मग त्यांच्या ओट्याखालच्या गॅसच्या कॉककडे गेले. सकाळचा स्वयंपाक झाला की तो बंद, आणि दुपारचा चहा थर्मासमध्ये, हे मी त्यांना सांगितलं, विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "कॉक मी स्वतः बंद करणार. तू नाही."

"ठीक आहे. मी बघणार."

त्यांनी खुर्चीचा हात धरून वाकून कॉक आडवा केला. खाली वाडीच्या तोंडाशी दिराच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी रेडिओ पुन्हा फ्रिजवर ठेवला, टॉवेल टाकला आणि दिवसभराचं रेकॉर्डिंग सुरू केलं.